सातशे वीस तास

चाकणच्या आमच्या लॅबमध्ये एक पेटी आहे,
मंगल कार्यालयातल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरएवढी.
तिच्यात आम्ही हिवाळा बनवतो.
बर्फाचा नाही. बर्फ मी पाहिलेला नाही.
बर्फ पडल्यावर तिकडे रस्त्यावर जे फेकतात,
त्याचा.

पंच्याण्णव भाग पाणी, पाच भाग मीठ.
घरातलं, आयोडीनवालं चालत नाही.
तापमान पस्तीस अंश, म्हणजे
हिवाळाही चाकणच्या एप्रिलसारखाच.
झाकण लावलं की आत धुकं धरतं,
आणि पत्र्याचे तुकडे त्यात तिरके बसून राहतात
दवाखान्याच्या बाकावर बसावं तसे,
सातशे वीस तास.

आत ठेवण्याआधी प्रत्येकावर फुली मारायची.
टोकदार सुईनं, रंग फाडून, थेट लोखंडापर्यंत.
पहिल्या दिवशी माझा हात कच खात होता.
शिंगोटे सर मागे उभे. म्हणाले,
दाब. लागू दे त्याला.
तिकडची खडी काही विचारून उडत नाही.
धड रंगाची परीक्षा घ्यायला
आपल्याला पगार देत नाहीत.

मग महिन्याभरानं पत्रा बाहेर काढायचा,
नळाखाली धुवायचा, चिकटपट्टी लावून ओढायची,
आणि भिंगातून मोजायचं
जखमेपासून गंज किती सरकला आडवा.
दीड मिलिमीटर: पास.
दोनच्या वर गेला की
रंगाच्या दुकानातले लोक आमच्याशी
आठवडाभर बोलत नाहीत.

फेब्रुवारीत तिकडून एकजण आला होता, यार्मो.
कँटीनमध्ये त्यानं ताकात मीठ घेतलं नाही.
आमच्याकडे रस्त्यावर पुष्कळ आहे, म्हणाला.
मग सांगत बसला, पहिली गाडी, तिसरा हिवाळा,
पायाखालची चटई उचलली तर
खाली रस्ता पळताना दिसला.
तेव्हापासून दर पंधरवड्याला गाडी खालून धुतो.
दाराच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतात,
ती काडीनं मोकळी ठेवतो,
आणि बर्फ पडायच्या आत पोकळ जागांमध्ये तेल मारतो,
जिथं कुणी बघत नाही तिथं आधी.
मी ते वहीत लिहून घेतलं.
कशाला, ते तेव्हा माहीत नव्हतं.

या रविवारी अंकुशनं गाडी आणली.
जुनी, पण चकचकीत. साडेतीन लाख.
हर्णैच्या एका मासेवाल्याची,
नऊ वर्षं बंदरावर उभी असायची, एवढं अंकुश
सहज बोलून गेला.
मोशीच्या आमच्या गल्लीत सगळे जमले,
झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं,
शेजारच्या काकू बॉनेटमध्ये तोंड बघून
केस सारखे करत होत्या.

मी पोतं अंथरलं आणि खाली शिरले.
वरचा रंग आरशासारखा,
खाली मात्र बिस्किटाचे थर.
स्क्रूड्रायव्हर टेकवला फक्त. जोर नाही केला, खरंच.
दांड्यापर्यंत आत गेला.
तपकिरी भुगा माझ्या डोळ्यांत, तोंडात.
जीभ लावली तर
खारट. अजून.

बाहेर आले तेव्हा माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर
अंकुश बघत होता, माझ्याकडे नाही.
आई म्हणाली, चांगल्या वेळी
तुला नेमकं खालीच का बघायचं असतं?

मी काय सांगणार?
किती तास झाले, किती उरले,
नऊ वर्षांचे तास करून कोण मोजतं?
वेल्डिंगवाला भोसरीत आहे ओळखीचा,
पत्रा बसेल, लेप बसेल,
सोमवारी फोन करेन, एवढं मनात म्हटलं
आणि बाजूला झाले.

आईनं मुठीत मीठ-मोहरी घेतली.
बॉनेटवरून, आरशांवरून, टपावरून
तीनदा ओवाळली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत.
मूठ उघडणार, तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं.
आई, म्हटलं,
गाडीजवळ नको टाकूस.